सीलबंद बॅटरीतलं पाणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही, आणि आई तर आता गेलीसुद्धा. मुलगी विचारते, "मम्मी, ई-रिक्शा में बैठते ही आप चुप क्यों हो जाती हो?" मी म्हणते, डोकं दुखतंय गं. डोकं काही दुखत नसतं.

आज सांगते. पण जरा माझ्या कलानं घ्या, एकदम तोंडातून निघायचं नाही ते.

मी नागपूरची. लग्न करून लखनौला आले, अलीगंजात घर केलं आणि एका संशोधन संस्थेत तांत्रिक अधिकारी म्हणून लागले. गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. आमचा विभाग गोमतीच्या पाण्याचे नमुने काढायचा, त्यासाठी एक छोटी बोट होती. पेट्रोलचं इंजिन लावलं तर तेल पाण्यात उतरतं नि नमुनाच बिघडतो, म्हणून तिला विजेची मोटर. मोटरला दोन बॅटऱ्या, एकमेकींना जोडलेल्या, आणि दोघींत मिळून चार्जर एकच. वायरिंग माझ्याकडे. बोट रामसजीवनकडे.

रामसजीवन नदीकाठचाच. कंत्राटी माणूस, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. दर मंगळवारी हनुमानाला हात जोडून आला की आधी बॅटऱ्यांची बुचं उघडायचा, आत डोकावायचा, आणि कमी असेल तेवढं बॅटरीचं पाणी घालायचा. मग मला येऊन सांगायचा, "पानी पिला दिया, मैडम जी." गाईम्हशींबद्दल बोलावं तसं. माणसाला एका गोष्टीचा अभिमान असतो ना, त्याला या पाण्याचा होता. एक मंगळवार चुकला नाही त्याचा.

आणि मी? मला माझ्या हुशारीचा. ऑफिसात कुठं काही बिघडलं की पुरुष मंडळी म्हणायची, "मैडम, मिस्त्री बुला लें?" आणि मी पदर खोचून पाना हातात घ्यायची. मिस्त्री कशाला, मी मेले का? — असा सगळा ताठा. आई म्हणायची, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आईचं कोण ऐकतं!

तर एका हिवाळ्यात दोनपैकी एक बॅटरी गेली. मी तिच्या जागी नवी आणली, सीलबंद. पाणी घालायची कटकट नाही, बुचंच नाहीत तिला. दुसरी जुनी, पाण्याची, तशीच ठेवली. दोन्ही जोडून टाकल्या. रामसजीवननं डोकं खाजवलं. "मैडम जी, एक पानी पीती है, एक का मुँह बंद है. दोनों को एक ही थाली में कैसे खिलाइएगा?"

मी हसले. चारचौघांत हसले, हो. म्हटलं, "भैया, बारह वोल्ट मतलब बारह वोल्ट. पढ़ाई मैंने की है कि आपने?" सगळे हसले. तोही हसला.

त्याचं बरोबर होतं. चार्जरला बटण होतं, एका बाजूला पाण्याची बॅटरी, दुसऱ्या बाजूला सीलबंद. दोघींची भूक वेगळी. आमचं होतं तसं पाण्याच्या बाजूलाच ठेवलं तर सीलबंद बॅटरीला सोसणार नाही एवढं मिळतं. नव्या बॅटरीसोबत आलेल्या पुस्तिकेत हे ठळक अक्षरांत छापलेलं होतं. मी वाचलं होतं. वाचलं, आणि ड्रॉवरमध्ये टाकलं, कारण तोवर मी हसून मोकळी झाले होते. आता कुठल्या तोंडानं मागे घेणार?

चैत्रात त्यानं मला बोलावून दाखवलं. सीलबंद बॅटरीची बाजू फुगली होती. "पेट फूल रहा है इसका." मी म्हटलं, गर्मी है. लखनौत गर्मी म्हटलं की कुणीही मान डोलावतं.

मग जेठ आला. त्या दिवशी बडा मंगल होता, ज्येष्ठातला हनुमानाचा मोठा मंगळवार. रस्तोरस्ती मांडव, सरबत, पुरी-भाजी. रामसजीवनचा कडकडीत उपास. बाहेरगावचे पाहुणे आले होते, आमचे मोठे साहेब त्यांना बोट दाखवायला घेऊन आले. भर नदीत मोटर घरघरली आणि बंद पडली. बॅटऱ्यांच्या पेटीतून कुबट, आंबूस वास. सीलबंद बॅटरी टम्म फुगलेली, हात लावू नये इतकी गरम, आणि तिनं जुनीलाही ओढून रिकामं केलेलं. रामसजीवननं तारा सोडवल्या, वल्हं काढलं आणि आम्हा सगळ्यांना त्या उन्हात, उपाशीपोटी, काठाला आणलं.

काठावर साहेबांनी विचारलं, क्या हुआ?

मी म्हणाले, "शायद पानी डालना रह गया."

एवढंच. पाच शब्द. त्यातही "शायद"!

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. तोंडातून चुकून गेलं, म्हणता आलं असतं. पण थांबले कुठे मी? साहेब म्हणाले, उद्या पेटी उघडून बघू. एक बॅटरी सीलबंद आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सीलबंद बॅटरीत पाणी घालायला जागाच नसते! पेटी उघडली की माझं खोटं उघडं. संध्याकाळी मी रामसजीवनलाच सांगितलं, भैया, ही फुगलेली बॅटरी माझ्या गाडीत ठेवा. त्यानं ठेवली. दुरुस्तीला नेते असं त्याला वाटलं असेल. मी ती चिनहटला एका भंगारवाल्याकडे टाकून आले. आणि सकाळी, कुणी यायच्या आत, स्टोअरमधली टाकून दिलेली पाण्याची बॅटरी, कोरडीठाक, ट्रॉलीवरून ओढत नेली आणि पेटीत बसवली. या माझ्या हातांनी.

साहेबांनी बूच काढलं. आत थेंब नाही. रामसजीवन बघतच राहिला. मग माझ्याकडे वळला, घाबरून नाही बरं, भरवशानं. म्हणाला, "मैडम जी से पूछ लीजिए साहब. इनको सब पता है."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून उभी राहिले.

पुढच्या महिन्यापासून त्याला ठेवलं नाही. कामचुकार, असा शेरा पडला. जाताना त्यानं नव्या माणसाला बुचं उघडून दाखवली, पाणी कुठवर घालायचं ते बोटानं दाखवलं. मी खिडकीतून पाहत होते. बाहेर आले नाही.

पाचसहा वर्षं गेली. लखनौत ई-रिक्षा आल्या होत्या. एकदा बख्शी का तालाबकडून परतताना माझ्या रिक्षाची बॅटरी उतरली, चालकानं ती एका चार्जिंगच्या शेडमध्ये वळवली. रांगेनं बॅटऱ्या लावलेल्या. भिंतीवर खडूनं लिहिलेलं — इधर पानी वाली, उधर बंद वाली. आणि स्टुलावर रामसजीवन. केस पांढरे. मला पाहून उठला, गमछ्यानं खुर्ची पुसली, चहा मागवला. चालकाला म्हणाला, "हमारी मैडम जी हैं, बैटरी की बड़ी जानकार." टोमणा होता का? मी त्याचा चेहरा नीट पाहिला. नव्हता.

मला तेव्हा बोलता आलं असतं. शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. मी चहा प्यायले.

रिक्षा निघताना तो जवळ आला. हळूच म्हणाला, जणू मला ठाऊकच नसावं, "उस मंगल को भी पानी डाला था, मैडम जी. पुरानी वाली में. सबेरे ही."

मी म्हणाले, "अच्छा?"

पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं.

त्यानं पाणी घातलं होतं. कोरडी बॅटरी मी ठेवली होती.