तळ्यातला धिंगाणा

माझ्या मावसबहिणीने, सुमनताईने, घरामागच्या तळ्यात मासे पाळले आहेत. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं होतं. सकाळी मी चहाचा कप घेऊन काठावर गेले, तर सगळं तळं तोंडांनी भरलेलं! मासे वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते.

"ताई, बघ गं, किती मजेत आहेत!"

"मजेत कसले? जीव गुदमरतोय त्यांचा. ऊन नाही, म्हणून पाण्यातली हवा संपलीय!" ताईने पदर खोचला आणि थेट पाण्यात उडी घेतली. मागोमाग भाऊजी, मग शेजारच्या काकू. तिघंही दोन्ही हातांनी पाणी बडवू लागली. "उभी काय राहिलीस? ये, उडव पाणी!"

मीही उतरले. 'पाण्यात खेळू नकोस' हे ऐकतच मी मोठी झाले. पाणी कसं शांत असावं, हेच मनात बसलेलं. आणि इथे पाण्यात हवा मिसळावी म्हणून चार मोठी माणसं धिंगाणा घालत होती. काही घरंही अशी असतात, इतकी शांत की आत श्वास कोंडावा. तिथेही कुणीतरी असंच धपकन उडी मारायला हवी.

हळूहळू एकेक तोंड दिसेनासं झालं. मासे खाली गेले.

"वाचले गं बाई!" ताई म्हणाली.

"चला, झालं काम. या आता बाहेर," भाऊजी म्हणाले.

काकूंनी ओंजळभर पाणी भाऊजींच्याच तोंडावर उडवलं. मग बाहेर कोण येतंय!