न वाजलेलं व्हायोलिन

आमचे हे काय करतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, "लोकांना रडवतात." सिनेमातल्या प्रसंगांना पार्श्वसंगीत देतात हे. तीस वर्षं हाच धंदा. घरात दूध उतू गेलं तरी ह्यांना पत्ता नसतो, पण पडद्यावरच्या नटीला हुंदका कधी फुटणार आणि व्हायोलिन कुठे सुरू व्हायचं, ते सेकंदासकट पाठ.

परवा मात्र तोंड पाडून घरी आले. चपला न काढताच खुर्चीत बसले.

"अगं, घोळ झाला. बाप बारा वर्षांनी मुलीच्या दारात येतो ना, तो प्रसंग आज दिग्दर्शकाला दाखवला. डोळे पुसत म्हणाला, काय संगीत दिलंयत हो!"

"मग बिघडलं कुठे?"

"संगीत लागलंच नव्हतं! संगीताचा आवाज माझ्याच हातून बंद राहिला होता. त्याला सांगायची हिंमत झाली नाही. पण मग तो ऐकत काय होता? आणि मी तीस वर्षं करत काय होतो?"

कपाळ माझं! मी पानं वाढायला घेतली. हसावं की रडावं तेच मला कळेना. जेवताना ह्यांनी दोनदा मीठ घेतलं. शेवटी कॉम्प्युटर माझ्यापुढे आणून ठेवला. "दोन्ही बघ. आणि खरं सांग. नेहमीसारखं 'छान' म्हणू नकोस."

पकडलंच की मला! आजवर मी धड न ऐकताच 'छान' म्हणत आले होते.

आधी संगीत लावून बघितलं. बरं होतं. मग बिनसंगीताचं. बाप दाराबाहेर, मुलगी आत कडीला हात लावून उभी, आणि आवाज काय तो गळक्या नळाचा. मी मागे नेऊन तेच परत बघितलं. "हे दुसरं जास्त भिडलं," म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

ह्यांनी तडक दिग्दर्शकाला फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. तो म्हणाला, "मग तसंच राहू दे. नाव तुमचंच."

"कशाबद्दल माझं?" हे मलाच विचारत बसले.

सिनेमा लागला. तो प्रसंग आला तसं थिएटर चिडीचूप झालं. अंधारात ह्यांनी माझा हात धरला नि तळव्यावर बोटाने ताल द्यायला लागले. शेजारची बाई हमसून रडायला लागली, आणि ह्यांचं बोट थांबलं.

"इथेच संपायचं व्हायोलिन," कानाशी येऊन म्हणाले. "वाजलं का गं?"

"गप बसा हो," म्हटलं. डोळे पुसायला हात हवा होता, पण त्यांच्या हातातून सोडवून घ्यावासा वाटेना.