बाबांचं पिवळं फूल

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात बाल्कनीत अडेनियमच्या फुलझाडांची लग्नं लावायचे. घरात आम्ही दोघी बहिणी लग्नाच्या होतो, तिकडे मात्र कानाडोळा. डोळ्याला भिंग लावून ते फुलाची नळी ब्लेडने चिरत, बारीक कुंचल्याने आतले पराग उचलत आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात टेकवत. शेंग धरली की तिला दोरा गुंडाळायचा, नाहीतर ती तडकते आणि बिया वाऱ्यावर जातात. आई म्हणायची, "जावयाचे तरी एवढे लाड करतील का हे!"

त्यांना हवं होतं पिवळं फूल. फिकट, मळकट नाही; अस्सल पिवळं. दरवेळी गुलाबीच यायचं. शेवटच्या बियांची रोपं वाढत होती, तेव्हाच काचबिंदूने त्यांची नजर नेली. दुकान बंद झालं. बाबा दिवसभर कळ्या चाचपत बसायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, कारण डॉक्टरकडे जायला त्यांना कधी सवडच झाली नव्हती.

पहिलं रोप फुललं. पुन्हा गुलाबी.

"कुठला रंग आलाय?" बाबांनी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पिवळा," ती म्हणाली. "अगदी पिवळाधमक."

बाबा ढसाढसा रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "बाकीची रोपं टाकून दे. हवं ते मिळालं, आता त्यांचं काय काम?"

एकही कळी न धरलेली ती सगळी रोपं आईने निमूटपणे कचऱ्यापाशी नेऊन ठेवली. करणार काय, बोलून बसली होती.

उन्हाळ्यात तळमजल्यावरचा शिंपी एक कुंडी घेऊन वर आला. त्या रोपांतलं एक त्याने उचललं होतं. "काका, तुमच्या हाताला गुण आहे हो! टाकलेलं रोपसुद्धा फुललं. काय पिवळं आलंय!"

बाबांनी हौसेने हात पुढे केला. "आमच्यासारखंच ना?"

शिंप्याने आमच्या कुंडीकडे पाहिलं. "तुमचं तर गुलाबी आहे."

"खरं का गं?" बाबांनी आईला विचारलं. आईला रडू फुटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शिंप्याला शांतपणे कुंडी परत न्यायला सांगितली.

तेव्हापासून बाबा आईला काहीच विचारत नाहीत. बाहेर उजाडलं का, हेही मला हाक मारून विचारतात. आई त्यांच्या शेजारीच उभी असते.