फितीत आखडलेली गल्ली

नगरपालिकेत नोकरी केली की किस्से शोधायला जावं लागत नाही, ते टेबलावर येऊन बसतात! नालीचा किस्सा मात्र मलाच अजून स्वस्थ बसू देत नाही.

साठ सालाच्या आगेमागे आमच्या उतरत्या गल्लीला पावसाच्या पाण्यासाठी पक्की नाली मंजूर झाली. अट अशी, की घराची दर्शनी बाजू जितके फूट, तितका मालकाचा खर्च. रजिस्टरात सगळे मिळून जितके फूट भरतील, तितकीच लांब नाली. मोजणारा कारकून मी. मृग तोंडावर आलेला, साहेब रोज विचारायचे, "झालं का?" माझा जीव टांगणीला!

*

पहिल्याच दिवशी दोन भाऊ भेटले. मधली भिंत कोणाची यावरून दोघांची कोर्टात वर्षानुवर्षं केस. माझी फीत दिसली आणि थोरला म्हणाला, "भिंत धाकट्याची!"

धाकटा ओरडला, "नाही जी, दादाचीच हाय!"

भिंत कोणाच्याच नावावर लागली नाही.

*

मास्तरांनी तर पुढचं दार विटांनी बुजवलं आणि बाजूच्या बोळात नवं काढलं. "आता आमचं घर या गल्लीत नाहीच!"

दार इतकं बुटकं, की मास्तरीणबाई कपाळ चोळत म्हणाल्या, "भाऊ, मायं टेंगूळ कोणत्या गल्लीत लिहान?"

*

खाली उतारावर नानाजी किराणावाले. त्यांनी फीत मधेच धरली. "हे चार फूट सोडा. इथं तुळस हाय. देवाले टॅक्स लावता का?"

मी सोडले. चूक माझीच!

*

सगळ्यात खाली रहीमचाचा, ट्रकचे मिस्त्री. त्यांनी फितीचं टोक स्वतः धरलं. "पुरं मोजा, बाबू. दरसाल अख्ख्या गल्लीचं पाणी माह्या दुकानात घुसते. खोललेलं इंजिन बुडते."

*

ठेकेदारानं नाली वरून बांधत आणली आणि रजिस्टरातले फूट संपले तिथं थांबला. नेमका चाचांच्या दुकानाआधी! पुरं माप देणारा एकटाच माणूस नालीविना राहिला. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

चाचा एवढंच म्हणाले, "म्हणजे आता पाणी पक्क्या रस्त्यानं येईन!"

*

आभाळ दाटलं तशी चाचांनी जुन्या टायरांत माती भरून दुकानाआधीचं नालीचं खालचं तोंड पक्कं बंद केलं. "ज्याची नाली, त्याचं पाणी!"

सकाळी धो धो कोसळला आणि नालीत तुंबलेलं पाणी उलटं घराघरांत शिरलं. दुपारी अख्खी गल्ली ओल्या धोतरांनी माझ्या टेबलासमोर उभी. "मापं पुन्हा घ्या, नाली पुढं न्या!" मास्तर म्हणत होते, दार पुन्हा फोडतो. दोघं भाऊ भांडत होते, "भिंत माझी!" "नाही, माझी!"

फीत घेऊन गेलो. नानाजी दुकानात घोट्याएवढ्या पाण्यात उभे, डोक्यावर गुळाची भेली. "पहिले तुळशीचे चार फूट लिहा!"

"पण नानाजी, ते तर देवाचं..."

"देव माह्या घरातच राह्यते ना!" आणि फितीचं टोक धरलेल्या चाचांकडे वळून ओरडले, "चाचा, ढिली कायले धरता? ताणा ना!"