तिगुनीची सम

पडदा वर जातो. क्रांती चौकाजवळचं एक सभागृह. रंगमंचावर ‘गुंतवणूकदार जागृती मेळावा’ असा फलक, खरखरणारा माइक, आणि समोर दुपारी तीनचा पेंगुळलेला प्रेक्षकवर्ग. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या शर्टातले कडुबा आणि शेजारी ठेवणीतली निळी साडी नेसलेल्या मनकर्णाबाई. बाईंची समजूत अशी, की आज नवऱ्याचा सत्कार आहे.

“अवो, नारळ कवा देणारेत?” त्यांनी कुजबुजत विचारलं. पण त्यांना ऐकू येत नसल्यामुळं त्यांची कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत जाई. सभागृह हसलं. कडुबाही हसले. आज ते खुशीत होते.

सत्कार होण्याचेही दिवस होते त्यांचे. दिवसा नळदुरुस्तीची नोकरी आणि संध्याकाळी छावणीतल्या जलशाची ढोलकी. शाहिरानं ओळ सोडली की कडुबा दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत शिरत, मग तिगुनीत. बोटं दिसेनाशी होत, लोक श्वास धरून बसत, आणि मग दाण्णकन सम! गाणं आणि ढोलकी नेमक्या एका जागी. विंगेत मनकर्णाबाई उभ्या असत. सम आली की त्या मान हलवत. टाळ्या कितीही पडोत, ती मान हलली नाही तर कडुबांना जेवण गोड लागत नसे.

ऐकू येईनासं झाल्यापासून, गेली चार वर्षं, ती मान हलली नव्हती. “माझ्या नावातच कान हायेत, तेवढे पुरे,” म्हणून बाई हसण्यावारी नेत. दोन्ही कानांच्या चांगल्या मशीनला दोन लाखांवर खर्च होता, आणि कडुबांच्या गाठीशी होते दीड लाख. “जयंतीला ढोलकी ऐकशील,” असं त्यांनी बाईंच्या कानाशी ओरडून कबूल केलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी शिवराजची एंट्री झाली. चौकात फंड विकणारा, जिभेवर साखर ठेवून बोलणारा गडी.

“काका, हा परदेशातला फंड. तिथला शेअर बाजार एक पाऊल चालला की हा तीन चालतो. आजवर बड्या लोकांचा मामला होता, आता दार तुम्हालाही उघडं.”

“म्हंजे तिगुन,” कडुबा म्हणाले.

“अं? हां, तिगुनच की!” शिवराजला तालातलं ओ की ठो कळत नव्हतं.

कडुबांना मात्र सगळं कळल्यासारखं वाटलं. तिगुनीत ढोलकी कितीही उधळली तरी सम कुठं जाते? बाजार पडला तर पडू दे. तो मूळ जागी आला की फंडही येणारच. दीडच्या दीड लाख फंडात गेले आणि ‘रोज बघत बसू नका’ हा शिवराजचा सल्लाही त्यांनी इमानानं पाळला.

आठ महिने तो बाजार धावला, कोसळला, पुन्हा चढला. आज सकाळी पेपरात त्याचा आकडा होता, अगदी सुरुवात झाली तिथं. सम आली! नफा नाही तर नाही, पैसे काढून एका कानाचं मशीन तरी घेऊ, असं ठरवून कडुबा मेळाव्याला आले होते. हे पैसे कसे काढतात तेवढं विचारायचं होतं.

रंगमंचावर मेळाव्याच्या वक्त्या स्वराली मॅडम बोलत होत्या. “हे फंड रोजच्या रोज तिप्पट चालतात. बाजार शंभराचा नव्वद झाला, तर फंड सत्तर. दुसऱ्या दिवशी बाजार परत शंभरावर आला, म्हणजे अकरा टक्के चढला. फंड तेहतीस टक्के चढेल, पण सत्तरावर! तो पोचतो त्र्याण्णववर. बाजार घरी आला, फंड वाटेतच राहिला. आणि असं महिनोन्‌महिने चाललं तर?”

कडुबांनी मोबाइल काढला. नव्वद हजार. चष्मा पुसून पाहिला. नव्वद हजारच. ऐन रंगात ढोलकीची चामड्याची पुडी फाटावी तसं छातीत काहीतरी फाटलं आणि आवाजच बंद झाला. चाळीस वर्षं ज्या समेवर डोळे मिटून उडी घेतली, ती जागेवर नव्हतीच. कुणीतरी ती रोज थोडी थोडी सरकवत होतं.

“असे फंड सामान्य माणसाला बंद करावेत का?” मॅडमनी विचारलं.

पहिला उठला तो शिवराज. “बंदी म्हणजे पुन्हा दारावर पाटी, मॅडम! बड्यांना प्रवेश आणि कडुबाकाकांसारख्यांना मनाई. विचारा की त्यांनाच!”

माइक कडुबांच्या हातात आला. 

“दार लावून घेणारे आमच्या बापजाद्यांनी लई पाहिले,” ते म्हणाले. “म्हणून उघडं दार दिसलं की मी आत जातो. पन या दारामागं पायरीच नाय, मॅडम. ठाऊक असून उघडं ठेवलं? घाला बंदी. इथं सम रोज सरकती, हे ज्याला स्वतःच्या तोंडानं सांगता येईल, त्यालाच आत सोडा. मला नसतं आलं सांगता. अन् इकनाऱ्यालाबी नसतं आलं.”

शिवराज मटकन खाली बसला. टाळ्या पडल्या. त्या उठलेल्या हातांकडं पाहून मनकर्णाबाईंनी, चार वर्षांनी, मान हलवली.

“झाला का सत्कार? काय बोलले हो तुमी?” त्यांनी खणखणीत विचारलं.

‘झाला,’ म्हणून भागलं असतं. त्यांना कुठं ऐकू येणार होतं? कडुबांनी तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि उभं सभागृह ऐकेल अशा आवाजात म्हणाले,

“तुझे कान मी घालवले म्हनलं, मनकर्णे!”