देवडीतली बकुळ

लातूर जिल्हा झालं आणि पाठोपाठ दुष्काळ आला. कचेऱ्यांवरच्या नव्या पाट्यांचा रंग अजून ओला होता आणि नळ मात्र ठणठणीत कोरडे. त्या नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत मी नवी कारकून होते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, इस्त्रीच्या दोन सुती साड्या आणि ताठ मान, एवढं माझं वैभव. मान जरा जास्तच ताठ होती, हे आज कबूल करते.

घरात माझ्याबरोबर आत्या होती, वडिलांची थोरली बहीण. आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून मला हिनंच वाढवलं, मारलं, शाळेत ढकललं. लोहा गावाकडच्या आमच्या खेड्यातून ती माझ्या नोकरीमागे लातूरला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं निकाल दिला, "हे कसलं शहर गं? पान्यापायी इथं गावापेक्षा लई भांडनं हायेत."

त्या उन्हाळ्यात आमच्या साहेबांच्या बायकोनं कचेरीतल्या सगळ्या घरांची मिळून सहल काढायचं ठरवलं. या बाईसाहेब पुण्याकडच्या. "तुमच्या इकडे पाहण्यासारखं आहे तरी काय?" असं महिनाभर विचारून शेवटी त्यांनीच एक ठिकाण शोधून काढलं. लोह्याच्या पलीकडे निजामाच्या काळातल्या एका जहागीरदाराचा महाल होता. आमच्याकडे अशा महालाला देवडी म्हणतात. जहागीर गेली होती, पण देवडी आणि तिच्याभोवतीची बाग घराण्यानं नीट राखली होती आणि दर रविवारी ती लोकांना पाहता यायची. बाईसाहेबांनी झुंबरांचं आणि कारंजांचं खूप वर्णन केलं. कोणी फारसं हललं नाही. मग शिपायानं एवढीच माहिती पुरवली की देवडीच्या विहिरीचं पाणी अजून आटलेलं नाही. झालं! संध्याकाळपर्यंत बसमध्ये एक जागा शिल्लक राहिली नाही.

घरी येऊन मी आत्याला देवडीच्या गावाचं नाव सांगितलं, तशी ती भाकरी थापता थापता थांबली.

"मी येते," ती म्हणाली.

"उन्हाचं कशाला?"

"तिथं एक बकुळ हाय. जित्ती हाय का मेली, तेवढं बघून येते. या दुष्काळात मेली बिली आसंल तर?"

लग्नाआधी आत्या त्या देवडीच्या बागेत खुरपायला, पाला उचलायला जात होती, हे मला माहीत होतं. त्या काळी आमच्या वस्तीतल्या बायका तिथं मागच्या दारानं जात, दिवसभर राबत आणि मागच्याच दारानं परत येत. हे सगळं कचेरीतल्या लोकांपुढे निघालं तर? मी तिला बजावून सांगितलं, "ये, पण तू तिथं कामाला होतीस हे कोणापुढे बोलायचं नाही."

"हाव," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

रविवारी सकाळी बसपाशी जे दृश्य होतं ते दुष्काळातल्या लातूरकरांनाच शोभणारं. सहलीला निघालेल्या प्रत्येक घराच्या हातात डब्याऐवजी तेलाचे रिकामे कॅन. तेलाचं गाव ते, कॅनला काय तोटा! टपावर कॅन, सीटखाली कॅन, हेडक्लार्कच्या मांडीवर मूल आणि मुलाच्या मांडीवर कॅन. नव्याकोऱ्या जरीच्या साडीतल्या बाईसाहेब बघतच राहिल्या. सगळ्या बसला करडईच्या तेलाचा वास सुटला होता. आमचाही एक कॅन होता. तो आत्यानं पोटाशी धरला होता आणि वर एक पितळी तांब्या.

"या कोण?" बाईसाहेबांनी मला विचारलं.

"गावाकडच्या बाई आहेत," मी म्हणाले.

आत्या खिडकीबाहेर बघत होती. तिला ऐकू गेलं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

देवडी खरोखरच देखणी होती. मोठी कमान, तिच्यावर सज्जा, आत दिवाणखाना. तिथं माणसाच्या उंचीचे आरसे होते, आणि सगळ्या बायकांनी प्रवासात विस्कटलेले केस त्या आरशांत बघून घेतले. जहागीरदारांचे नातू, साठीतले, पांढरा झब्बा घातलेले, स्वतःच सगळं फिरून दाखवत होते. सगळे त्यांना मालक म्हणत. मोठा अदबशीर माणूस. "या, या, आपलंच घर समजा," असं ते म्हणाले आणि आमच्या लोकांनी ते लगेच मनावर घेतलं. हेडक्लार्कनी झुंबराखाली उभं राहून पहिला प्रश्न विचारला, "विहीर कोणत्या अंगाला आहे?"

मालक हसले. आधी बाग, मग विहीर, असा त्यांनी क्रम ठरवून दिला. बाग पूर्वी चार चौकांची होती. मधला हौद कोरडा पडला होता, कारंजाच्या तोटीवर एक चिमणी बसली होती आणि गुलाबांच्या ताटव्यांत नुसत्या काटक्या उरल्या होत्या. आत्या माझ्या पुढे झपाझपा चालायला लागली. हौदाला वळसा घालून ती एकदम थांबली. मागच्या भिंतीपाशी बकुळ उभी होती, चांगली दोन पुरुष उंच आणि गर्द हिरवी. खाली चवलीच्या नाण्याएवढी फुलं सांडली होती.

आत्यानं पदर तोंडाला लावला. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, माझ्या नोकरीचा कागद आला त्या दिवशीसुद्धा नाही.

"हे आमच्या बागेचं भूषण," मालक सांगू लागले. "आमच्या आजीसाहेबांनी स्वतःच्या हातानं लावलेली बकुळ. एका दुष्काळात सगळी बाग वाळली, पण आजीसाहेबांनी रोज स्वतः पाणी घालून ही जगवली. पुढं हिचीच फुलं आमच्या देवघरात जायची. आजही जातात."

"वा!" बाईसाहेब म्हणाल्या. "याला म्हणतात संस्कार."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मला कळलं की ती माझ्या शब्दाखातर गप्प बसली होती. आयुष्यात कोणापुढे गप्प न बसलेली ही बाई, ज्या झाडासाठी एवढ्या उन्हातून आली त्याच्यापुढे मुकी उभी होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

"आत्या," मी सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "काय असेल ते सांग."

"सांगू?"

"सांग."

"मालक," ती म्हणाली, "आजीसाहेबांनी लावली आसंल, मी न्हाई म्हनत न्हाई. पन जगवली आमी. त्या साली माळ्याला हुकूम झाला, गुलाबाला तेवढं पानी घाला, बकुळीला सोडा. रोपटं हे एवढंसं. आमाला हिरीला हात लावायची बंदी. जेवनाच्या टायमाला माळी वरून पानी वतायचा, आमी वंजळीनं प्यायचो. मी समद्या बायांना बकुळीच्या बुडाशीच बसवायची. वंजळीतून सांडंल ते तिला, हात धुवावं ते तिला, आन् चूळ भरावी ती बी तिच्याच बुडात. पाच बाया, पाच चुळा. एकदा एकीनं चूळ दुसरीकडं थुंकली तर लई भांडले मी तिच्याशी."

मालकांचा चेहरा गोरामोरा झाला. "म्हणजे आमच्या देवघरात..." एवढंच ते बोलू शकले.

"देवाला चाललं की," आत्या म्हणाली. "न्हाई तर यवढी वर्सं फुलं घेतली आस्ती का त्यानं?"

आधी शिपाई हसला, मग हेडक्लार्क, आणि मग मालक स्वतःच. ते हसता हसता थांबले आणि त्यांनी हात जोडले. मनापासून जोडले की अदब म्हणून, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. बाईसाहेब मात्र वर झाडाकडे बघत राहिल्या आणि संस्काराचं पुढं काही बोलल्या नाहीत.

मग सगळे विहिरीकडे धावले. मी आमचा कॅन भरला, आत्यानं स्वतःच्या हातानं पोहरा ओढून तांब्या भरला आणि ती पुन्हा बकुळीकडे गेली. त्या वर्षी पाण्याचा थेंब कोणी वाया घालवत नव्हतं. तिनं मोठा घोट घेतला, गाल फुगवून खळखळून चूळ भरली आणि झाडाच्या बुडात सोडली. तांब्या माझ्यापुढे धरला. इस्त्रीची साडी सावरत मीही चूळ भरली. मग ती वाकून झाडाच्या खोडाशी काहीतरी पुटपुटली आणि फुलं वेचू लागली. पूर्वी ती फुलं झाडून काढायची, पण एकही घरी न्यायची मुभा नव्हती. आता तिनं ओचा भरून घेतला.

परतीच्या बसमध्ये सगळे आपापले भरलेले कॅन सांभाळत बसले होते. खड्डा आला की सगळी बस ओली व्हायची आणि सगळे ड्रायव्हरच्या नावानं ओरडायचे. बाईसाहेब आमच्याजवळ आल्या. आत्यानं त्यांच्या ओंजळीत फुलं घातली.

"ही माझी आत्या आहे," मी म्हणाले. "हिनंच मला वाढवलं."

बाईसाहेबांनी मान हलवली आणि फुलांचा वास घेत त्या जागेवर गेल्या. लातूर जवळ आलं.

"सकाळी तर गावाकडची बाई होते मी," मग ती म्हणाली.

म्हणजे तिला ऐकू गेलं होतं. मी तिच्या पदराला चिकटलेलं एक फूल उचलून तिच्या ओच्यात टाकलं आणि विचारलं, "झाडाशी काय पुटपुटत होतीस?"

"काय न्हाई," ती कॅन नीट पोटाशी धरत म्हणाली. "तिला तुजी वळख करून दिली. म्हनलं, ही माजी भाची."