देवकीताईंनी जोडलेल्या वायरी

शहराच्या महाल भागात माझं बुक-बायंडिंगचं दुकान आहे, आणि भिंतीला भिंत लागून देवकी गजभिये यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. अठरा वर्षं आम्ही शेजारी आहोत. त्यांच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस आधी माझ्याकडे डोकावून विचारायचा, मेकॅनिक कुठे गेले म्हणून. समोर स्टुलावर बसून सोल्डरिंग करणारी बाई हीच मेकॅनिक, हे त्याला सांगावं लागायचं. देवकीताईंना त्याचं काही वाटत नसे. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, तेव्हापासूनची सवय. आधी त्यांनी टीव्ही दुरुस्त केले. टीव्हीचं काम कमी झालं तशा त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

गेल्या तीनेक वर्षांत त्यांच्याकडे एक वेगळं काम येऊ लागलं होतं. मोठ्या ऑफिसांतून काढून टाकलेली जुनी वर्कस्टेशन स्वस्तात मिळतात. दिसायला साध्या कॉम्प्युटरच्या डब्यासारखी, पण वजनाला दुप्पट आणि आतून दणकट. त्यात दुसऱ्या कंपनीचं ताकदवान ग्राफिक्स कार्ड बसवलं की व्हिडिओचं, थ्रीडीचं काम करणाऱ्या पोरांचं भागतं. पण ते कार्ड सरळ बसत नाही. कार्ड लांब असतं, डब्यात जागा नसते. मुख्य अडचण विजेची. कार्डाला वीज खूप लागते आणि जुन्या पॉवर सप्लायमध्ये तेवढ्या वायरी नसतात. पॉवर सप्लायच बदलावा, तर वर्कस्टेशनच्या कंपनीची पिन वेगळी. बाजारातला दुसरा तिथे लागत नाही.

देवकीताईंनी यावर तोड काढली होती. हार्ड डिस्कसाठी ज्या बारीक वायरी असतात, त्यातल्या एका रिकाम्या वायरीला जोड लावायचा आणि ती वीज कार्डाकडे वळवायची. हा जोड तयार मिळतो, वीतभर लांबीचा. ती वायर एवढ्या विजेसाठी नसते हे त्यांना माहीत होतं. पण सगळेच लावत होते, आणि चालत होतं.

अंकुश ठवकर त्यांच्याकडे आला तो डिसेंबरात. नंदनवन वस्तीतून स्कूटरवर, वर्कस्टेशन दोन पायांच्या मध्ये ठेवून. तिशीतला, कमी बोलणारा. शहराबाहेर ज्या फ्लॅट स्कीम अजून बांधायच्या आहेत, त्यांच्या आतून फिरवून आणणाऱ्या फिल्मा तो बिल्डरांसाठी बनवायचा. आधी एका ऑफिसात होता. आईला लकवा मारला, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून नोकरी सोडून घरूनच काम करू लागला होता. आईच्या पलंगाला लागूनच्या खोलीत त्याने टेबल मांडलं होतं. तिने हाक मारली की उठता यावं, एवढंच त्याला हवं होतं.

देवकीताईंनी डब्यातली हार्ड डिस्क ठेवायची पत्र्याची चौकट ग्राइंडरने कापली. कार्ड बसलं, पण बाजूचं झाकण लागेना. ते उघडंच ठेवायचं ठरलं. मग त्यांनी जोड लावला. अंकुश वाकून बघत होता.

"वायर गरम तं नाही होत ना, ताई?" त्याने विचारलं.

"चालते गा," देवकीताई म्हणाल्या. "बहुत जणाईले लावून दिली मी."

मशीन सुरू झाली. देवकीताईंनी नेहमीप्रमाणे मोबाइलवर आतला फोटो काढला. काम पुरं झालं की त्या असा फोटो स्टेटसला टाकायच्या. अंकुश निघून गेला.

पुढे मार्चमध्ये त्याला काम वाढलं. फिल्म तयार व्हायला दहा-बारा तास लागायचे. त्याने कुठून तरी तसलंच दुसरं कार्ड मिळवलं आणि या वेळी दुकानात न येता स्वतःच बसवलं. पहिल्या कार्डाचा जोड कसा लावलाय ते त्याने पाहिलेलंच होतं. तसाच दुसरा जोड आणून त्याने त्याच वायरीवर लावला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ते घडलं. पारा पंचेचाळिसाच्या वर होता. दुपारी अंकुशला बेसा भागातल्या एका बिल्डरला काम दाखवायला जायचं होतं. त्याने आईला जेवू घातलं, तिचं अंग पुसलं, कूलरमध्ये पाणी भरलं. मशीनवर दुसरी फिल्म लावून ठेवली. कूलरचा गारवा मशीनपर्यंत पोचावा म्हणून दोन खोल्यांमधलं दार सताड उघडं ठेवलं आणि तासाभरात येतो म्हणून तो गेला.

टेबलाजवळच्या पडद्याने पेट घेतला. शेजारच्यांना धूर दिसेपर्यंत वेळ गेला होता. उन्हामुळे सगळ्यांची दारं-खिडक्या बंद होती. लोकांनी कुलूप तोडून अंकुशच्या आईला, पार्वतीबाईंना, बाहेर काढलं तेव्हा त्यांचा श्वास चालू होता. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती, धूरच छातीत गेला होता. त्यांना पलंगावरून उठताही येत नव्हतं आणि नीट ओरडताही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातच त्या वारल्या.

कूलरमुळे झालं असं सगळे म्हणाले. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे कूलरचा शॉक लागतो, शॉर्ट होतो. लोकांना ते पटलं. कागदावरही शॉर्ट सर्किट एवढंच लिहिलं गेलं.

देवकीताईंना हे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडून चार दिवसांनी कळलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं, दुकान बंद केलं आणि मला म्हणाल्या की नंदनवनला सोडून द्या. मी सोबत गेलो, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

अंकुशने डोकं मुंडवलं होतं. खोलीच्या भिंती छतापर्यंत काळ्या झाल्या होत्या. जळालेलं सामान मागच्या अंगणात टाकलं होतं, त्यातच ती मशीन. देवकीताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. डबा तेवढा शाबूत होता. आत पाहिलं तर हार्ड डिस्कची वायर, त्यांनी लावलेला जोड आणि अंकुशने लावलेला जोड, सगळं वितळून एक गोळा झालं होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

अंकुश मागे येऊन उभा होता. तोच आधी बोलला.

"दुसरं मी लावलं, ताई. तुमचं पाहून लावलं. तुम्ही तं मले सांगतलं असन, का एकाच वायरवर दोन लावू नको म्हणून. माह्याच ध्यानात नाही राहिलं."

त्याने आपणहून त्यांना मोकळं केलं होतं. खरं सांगतो, त्यांच्या जागी मी असतो तर मान हलवून निघून आलो असतो.

देवकीताई उठल्या. "नाही सांगतलं मी," त्या म्हणाल्या. "तू विचारलं होतं वायर गरम होते का म्हणून. मी म्हटलं चालते. मले माहीत होतं का ते वायर त्याच्यासाठी नाही. पहिलंच लावाले नको होतं."

अंकुशच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मंग हे मले आता काहून सांगून राहिल्या?"

तो आत गेला आणि दार लोटून घेतलं. आम्ही निघालो. परत येताना त्यांनी पोलीस ठाण्यापाशी स्कूटर थांबवायला सांगितली. आत जाऊन आपलं म्हणणं लिहून दिलं. त्यातून पुढे काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या, पण शटर अर्धंच उघडलं. मोबाइलमधले जुने फोटो काढून बसल्या होत्या. तीन वर्षांचे फोटो. कार्ड बसवलेल्या मशिनींचे फोटो त्यांनी वेगळे केले, बोटांनी मोठे करून पाहिले. प्रत्येकात तो काळा जोड दिसत होता. अंकुशची धरून अकरा मशिनी होत्या.

मग त्या एकेकाच्या घरी जाऊ लागल्या. काही जणांचे नंबर होते, काहींचे नुसते चेहरे आठवत होते. पहिल्यांदा गेल्या त्या हिंगणा रोडवरच्या एका मुलाकडे. त्याच्या मशीनमधला जोड तपकिरी होऊन फुगला होता. वास येत होता म्हणे दोन महिन्यांपासून, त्याला वाटलं उन्हाळ्यामुळे असेल. देवकीताईंनी जोड काढला आणि मोठं कार्डही काढलं. त्याऐवजी वेगळी वायर न लागणारं लहान कार्ड बसवून दिलं. त्यावर त्याचं काम अर्ध्या गतीनेही होईना. त्याने पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून पुन्हा मोठं कार्ड लावून घेतलं. कसं लावलं ते विचारायला देवकीताई गेल्या, तर तो घरी नाही असं सांगण्यात आलं.

लग्नाचे व्हिडिओ करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. चालू आहे ना, मग राहू द्या, असं म्हणून त्यांनी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा देवकीताई प्लग काढून, खिशातल्या कटरने वायर कापूनच बाहेर आल्या. त्या गृहस्थाने व्यवसायाच्या सगळ्या ग्रुपवर लिहिलं की या बाईचं डोकं फिरलंय, हिच्याकडे काम देऊ नका. जून-जुलैत त्यांच्या दुकानात दिवसभर कोणी फिरकेना. मी म्हटलं, पोटाचंही पाहा जरा. त्या म्हणाल्या की पाहून राहिली, आणि चप्पल घालून निघाल्या.

आठ मशिनी सापडल्या. उरलेल्या दोनपैकी एक छिंदवाड्याच्या स्टुडिओवाल्याची होती. त्या बसने तिथे जाऊन आल्या. स्टुडिओच्या जागी शिलाईचं दुकान लागलं होतं, आधीचा माणूस कुठे गेला ते कोणाला माहीत नव्हतं. दुसरी एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची. त्याने कॉलेज संपल्यावर ती इंटरनेटवर जाहिरात देऊन विकली होती. घेणाऱ्याचं नाव त्याला आठवत नव्हतं, आणि जो नंबर होता तो बंद लागतो. देवकीताई अजून अधूनमधून तो लावून पाहतात.

सप्टेंबरात अंकुश दुकानात आला. केस वाढले होते. आता तो एका ऑफिसात डेटा भरायचं काम करतो, घरी कॉम्प्युटर ठेवत नाही. देवकीताईंनी स्टूल पुढे केलं. तो बसला. त्या मशिनी शोधत फिरतात हे त्याने कोणाकडून तरी ऐकलं होतं.

"किती राहिल्या?" त्याने विचारलं.

"दोन."

त्याने दोन्ही मशिनींचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतले, आपल्या ओळखीच्यांना पाठवून पाहतो म्हणाला. देवकीताईंनी चहा सांगू का विचारलं. तो नको म्हणाला. त्याने ते फोटो पुन्हा एकदा उघडून, बोटांनी मोठे करून पाहिले. मग तो उठून गेला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.